ताईच्या बाजूचा ब्रेक

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तू तेव्हा आठेक वर्षांची असशील. तुम्ही मायलेकी आमच्याकडे राहायला आला होतात आणि काका तुम्हाला स्टेशनवर सोडायला निघाले होते. काका गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी तुझी आई, मागे तू आणि मी, आणि आपल्या दोघींच्या मध्ये तुझा तो एका कानाचा कापडी ससा. प्रत्येक वळणाला तुझ्या आईचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेकच आहे. तू ते पाहिलंस आणि माझ्या कानात म्हणालीस, "मावशी, आई पण गाडी चालवते?" काकांनी ऐकलं. म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तुमच्या बाजूलाही एक पेडल बसवून ठेवतो." आई आधी चिडली, मग स्वतःच हसली, आणि पुढच्या वळणाला तिने पुन्हा पाय दाबला. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. पण परवा तू फोनवर ब्रेकचं काढलंस आणि मला तो पाय आठवला.

फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि शेवटी करतेस तुझंच, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तू विचारलंस, गाडीला असे कोणते ब्रेक-पॅड घालू की रोज रस्त्यावरही चालतील आणि रविवारी रेसच्या ट्रॅकवरही. काका असेपर्यंत आम्ही दोघांनी ब्रेकच्या सामानाचं दुकान चालवलं. हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी काउंटरवर यायचंच, आणि आमचं उत्तर ठरलेलं असायचं: असे पॅड नाहीत. रस्त्याचा पॅड थंड असतानाच पकडतो. सकाळी गाडी काढली, पहिल्या चौकात पाय ठेवला की थांबली. पण ट्रॅकवर फेरीमागून फेरी त्याला राबवलंस की तो इतका तापतो की पकडच सोडून देतो. ट्रॅकचा पॅड बरोबर उलटा. अंगात ऊब आल्याशिवाय तो कामाला लागत नाही. थंडीत, चौकात, तो तुझं ऐकेल, पण उशिरा आणि किंचाळून.

मधले पॅड मिळतात. दोन्हीकडे बरे, दोन्हीकडे उत्तम नाहीत. ते घाल, फेऱ्या थोड्या मार, आणि शेवटची फेरी ब्रेकला पाय न लावता हळू मार म्हणजे सगळं निवेल. ते पटत नसेल तर दोन जोड ठेव. ट्रॅकवर पोचल्यावर बदलायचे आणि निघण्याआधी पुन्हा बदलायचे.

आणि हे ट्रॅकचं प्रकरण आईला सांगितलंस का? मला गुपितं ठेवायला लावू नकोस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर नुसत्या बघायच्या आणि मी न केलेलंसुद्धा कबूल करून टाकायचे.

तुझी मावशी


१७ जानेवारी

मावशी,

"असे पॅड नाहीत" हे उत्तर मला नको होतं, म्हणून तर तुला विचारलं. ते उत्तर बाहेर ढिगाने मिळतं. इंटरनेटवर एकजण म्हणतो हे घ्या, दुसरा म्हणतो ते घेणारा मूर्ख, तिसरा म्हणतो आधी गाडी बदला. दुकानात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, साहेबांना घेऊन या, त्यांना समजावतो." म्हटलं, साहेब अजून तयार व्हायचेत, तोवर मला समजावा. मग त्याने मला सीटची कव्हरं दाखवली.

मधले पॅड मी आधीच घातले होते. तुला सांगितलं नाही. लांब सरळ रस्ता संपतो तिथे एक मोठं वळण आहे. चौथ्या फेरीत तिथे पाय दाबला आणि गाडीने मला ओळखच दाखवली नाही. कडेच्या खडीत जाऊन थांबले. काही झालं नाही.

दोन जोड ठेव म्हणतेस. कधी बदलू? दुपारच्या जेवणाला घरी पोचावं लागतं. चार चाकं उतरवून पॅड बदलायचे म्हणजे तास जातो, वर हात कोपरापर्यंत काळे. ते हात घेऊन घरी गेले की आई विचारणार. आणि जी बाई सायकलच्या वेगाला पाय दाबते तिला मी ट्रॅकचं काय सांगू? तिच्या लेखी मी रविवारी एका शिबिरात लोकांचे डोळे तपासते.

आठवडाभर मी डोळे तपासायच्या त्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारत असते, हे स्पष्ट दिसतं की ते? पहिलं की दुसरं? लोक म्हणतात, दोन्ही सारखंच. घरी येते तर आई विचारते, खिडकी लावू की उघडी ठेवू? मी म्हणते, तुला हवं तसं. ती म्हणते, तू सांग. सोमवारी आणि गुरुवारी तिच्या गुडघ्यासाठी फिजिओकडे न्यायचं. मला तिचं करायचा कंटाळा नाही, मावशी, तसं वाचू नकोस. पण रविवारच्या त्या दोन-तीन तासांत मला कुणी काही विचारत नाही. पुढचं वळण आणि मी. तेवढं सोडून बाकी काहीही माग.

गाडी एक आहे, म्हणून पॅडही एकच हवेत. बस.

आणि तुझ्या ओळी वर चढायला लागल्यात. एका ठिकाणी "ब्रेक"च्या डोक्यावर "पॅड" बसलाय. डोळे केव्हा तपासलेस?

भिंगरी


२८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

सिस्टर सांगायच्या, पत्रात राग लिहायचा असेल तर आधी हवापाणी लिहा, तोवर शाई थोडी थंड होते. इथे हवा कोरडी आहे. शेजारच्यांनी फाटक रंगवलं, हिरवं. आता राग.

चौथ्या फेरीत ब्रेक गेले आणि तू लिहितेस "काही झालं नाही". असं म्हणणारी माणसं मी काउंटरच्या पलीकडे पुष्कळ पाहिली. चौथ्या फेरीत जातात ना, मग तिसरीनंतर आत ये. पंधरा मिनिटं बस, पाणी पी, पुन्हा जा. पण तुला तेही नको असणार.

पॅड बदलायला तास मिळत नाही म्हणतेस. तुझ्याकडे तास आहे, भिंगरी. तो लपवायला जागा नाही, एवढंच. आईला सांग आणि खुशाल काळे हात घेऊन घरी जा. ती ओरडेल, दोन दिवस अबोला धरेल, तिसऱ्या दिवशी हातांचं काळं कशाने निघतं ते सांगायला येईल. मी तिला तुझ्याआधीपासून ओळखते.

ते नाहीच जमलं तर निदान एक ऐक. ट्रॅकचे पॅड घातलेल्या गाडीत तिला बसवायचं नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

डोळ्यांचं म्हणशील तर पेन खराब आहे.

मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुला पत्र लिहायचं म्हणजे मला शुद्धलेखनाची भीती वाटते, पण ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नाही. भिंत पातळ आहे आणि कार्टीचे कान तिखट आहेत.

मला वाटतं, आपल्या भिंगरीला कुणीतरी भेटलं आहे.

हसू नकोस. रविवारी ती डोळ्यांच्या शिबिराला जाते म्हणते. शिबिराला जाताना कुणी इतक्या उत्साहाने उठतं का? परत येते ती केस विस्कटलेले, गाल लाल, आणि भूक अशी की दोन माणसांचं जेवते. आधी असं होतं, दोन रविवार घरात काढले की चिडचिड सुरू. आता गाणं गुणगुणते. सुरात नाही, पण गुणगुणते.

आणखी एक. सोमवारी-गुरुवारी मला फिजिओकडे न्यायचं असतं. मी फाटकात उभी राहते. ही गाडी काढते, आणि मला घ्यायच्या आधी आपल्या गल्लीला फेऱ्या मारते. एक मारते, दुसरी मारते, मग माझ्यापुढे आणून उभी करते. नक्की फोनवर बोलत असणार. माझ्यासमोर बोलायला लाजत असेल. मीही काही विचारत नाही. म्हटलं, बोलू दे बाई, उभं राहायला माझं काय जातं, गुडघा तेवढा कुरकुरतो.

गाडीचं मात्र काहीतरी बिघडलंय. थांबताना सुरीला धार लावल्यासारखी ओरडते. लोक वळून बघतात. म्हटलं, हे काय? तर म्हणे, नवीन पॅड आहेत, बसतील हळूहळू. महिना होत आला, अजून बसले नाहीत. तुला यातलं कळतं म्हणून लिहिलं.

तुला ती सांगते सगळं. हळूच विचार, कोण आहे, काय करतो. आणि तू इकडे येत का नाहीस? दारात गाडी, हातात वेळ, दर वेळी "येते येते". कुणासाठी राखून ठेवली आहेस ती गाडी?

ताई


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

हवा थंड आहे. या वेळी ते राग निववायला लिहीत नाही, तेच सांगायचं आहे.

तुझ्या आईचं पत्र आलं. तुला सारखा फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. ताईला फोन केला, म्हटलं, काही दिवस टॅक्सीने जा फिजिओकडे. ती म्हणाली, "कशाला? माझी मुलगी आहे की." पुढे माझी जीभ रेटली नाही. ट्रॅकचं तिला सांगणार नाही असा मागे फोनवर तुला दिलेला शब्द आडवा आला. असले शब्द देऊ नयेत.

तिला वाटतं, गल्लीला फेऱ्या मारताना तू कुणाशी तरी बोलतेस. तू कुणाशी बोलत नाहीस. ब्रेक दाबत दाबत फिरतेस आणि पॅड तापवून मग तिला गाडीत घेतेस. ट्रॅकचे पॅड थंड असताना पकडत नाहीत हे मीच तुला लिहिलं आणि तू त्यावर हा इलाज काढलास. काका असते तर आधी पोट धरून हसले असते आणि मग तुझ्या हातातून किल्ली काढून घेतली असती.

तापलेलं निवतं, भिंगरी. आई आत व्यायाम करते तेवढा वेळ गाडी बाहेर उभी असते. परत निघताना काय करतेस? तिथेही फेऱ्या? आणि एखाद्या दिवशी ती लवकर सुटली, येऊन दारात उभी राहिली, तर तिला काय सांगशील?

ते पॅड काढ. हे पत्र खाली ठेव आणि काढ.

मावशी


११ मार्च

मावशी,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. व्हायचं ते गुरुवारी झालं होतं.

फिजिओला कुठेतरी जायचं होतं, तिने आईला लवकर सोडलं. तिथेही मी दर वेळी मागच्या रस्त्याने एक चक्कर मारून मगच तिला घ्यायचे. त्या दिवशी मी गाडीत बसेपर्यंत तीच येऊन दार उघडून बसली. म्हणाली, "आज तुझा फोन राहिला वाटतं." आणि हसली. मला काही कळलं नाही. निघाले.

तिथून खाली चौकापर्यंत उतार आहे. सिग्नल लाल होता. मी पाय ठेवला. पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी आपली चालली आहे. आणखी दाबलं. किंचाळली, पण वेग काही हटेना. पुढे एक सायकलवाली उभी होती. मी गाडी डावीकडे कापली आणि पदपथाच्या लोखंडी कठड्यावर घातली. सायकलवालीला कळलंही नाही. दिवा फुटला, बॉनेट वाकलं.

आईचा उजवा घोटा टम्म सुजला. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कशावर आपटला?" ती म्हणाली, "आपटला नाही. ब्रेक दाबला." ते म्हणाले, "गाडी तुम्ही चालवत होतात?" म्हणाली, "नाही, पण कुणीतरी दाबायला हवा होता ना." मला हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिथेच बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. ट्रॅक, शिबिर, खडी, फेऱ्या, सगळं.

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "म्हणजे कुणी नाहीच का?"

मावशी, मी रस्त्याचे पॅड परत घातले आहेत आणि गाडी विकायला काढली आहे. एकजण बघून गेला. ट्रॅकचं नावसुद्धा मला नको आहे. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की एका जोडीत दोन्ही बसत नाही. मी महिनाभर ते चुकीचं ठरवायला बघत होते, आणि ते सगळं आईला शेजारी बसवून.

पेन बदललंस का? मागच्या पत्रात तर दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या आहेस. मी हे काम करते, मावशी. मला पेनचं सांगू नकोस.

भिंगरी


१४ मार्च

धाकटे,

तुला माहीत होतं. टॅक्सीने जा म्हणालीस तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तू आयुष्यात कधी कुणाला टॅक्सीने जा म्हणाली नाहीस.

मला राग गाडी पळवण्याचा नाही. वाईट ह्याचं वाटतं की ती घरात येताना हात लपवायची. माझ्यापासून. मी काय इतकी कडक आहे का? उत्तर देऊ नकोस.

आता नवीनच छळ सुरू झाला आहे. रविवारी ती घरात बसते. कपाटं आवरते. दर थोड्या वेळाने येऊन विचारते, आई, पाणी हवं का, आई, उशी नीट करू का. मी तिला म्हटलं, "मला काही नको, तू जा कुठेतरी." तर म्हणते, "कुठे जाऊ?" असा चेहरा तिचा ती शाळेत नापास झाली तेव्हाही नव्हता. वेड लागेल मला. तिला परत पाठवायला हवं तिथे. गाडी विकू नकोस म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, ही विकून साधी घेऊ, गाडी एकच ठेवायची आणि ती तुझ्यासाठी.

पण आत्ताच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही हेही खरं. पॅड कुठलेही असोत. माझा घोटा बसूच देत नाही.

तुम्हा दोघींना ब्रेकमधलं इतकं कळतं, काढा काहीतरी मार्ग.

ताई


२२ मार्च

प्रिय ताई आणि भिंगरी,

हे पत्र दोघींना मिळून आहे. भिंगरी, तू मोठ्याने वाच. माझं अक्षर ताईला लागणार नाही, आणि आता त्याचं कारण लिहिते.

हवा छान आहे. पेन चांगलं आहे. डोळे नाहीत. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. चष्म्याने सुधारणार नाही म्हणतात. भिंगरी, तपासणीचे कागद तुला दाखवीन, तोवर फोन करून आरडाओरडा करू नकोस. गेल्या पावसाळ्याच्या सुमाराला एक बाई रस्ता ओलांडत होती, ती मला फार उशिरा दिसली. ब्रेक चांगले होते म्हणून ती चालत घरी गेली. मी गाडी आणून गॅरेजमध्ये लावली ती अजून बाहेर काढलेली नाही. ताई, मी येत का नाही, तर अशी येत नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण तू म्हणशील माझ्याकडे राहायला ये, आणि भिंगरी म्हणेल, मी सांगत होते. आता म्हणा दोघी काय म्हणायचं ते. राहायला मी येणार नाही. भेटायला येईन, कुणी आणलं तर.

भिंगरी, तुझी गाडी विकू नकोस. तो माणूस परत आला तर त्याला सीटची कव्हरं दाखव. एका जोडीत दोन्ही बसत नाही, पण दोन गाड्यांत बसतं. हे मला जानेवारीतच सुचायला हवं होतं. गॅरेजचं दार बंद ठेवलं की आतली गाडी आपल्यालाही दिसेनाशी होते.

तर आता कुणाला काय, ते लिहिते. बसने ये आणि घेऊन जा.

माझी छोटी गाडी ताईची. कागदांवर नावही तिचंच लावायचं. चालवशील तू. तिला रस्त्याचे, साधे, मऊ पॅडच घालायचे, दुसरे कुठले नाहीत. जोड गाडीतच मागे ठेवला आहे.

तुझी गाडी फक्त रविवारची. तिला ट्रॅकचे पॅड घाल, खरे, पुरते. दुकानातला शेवटचा खोका मी राखून ठेवला होता, तुझ्या गाडीला बसतो का ते बघ. नाही बसला तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दे. उरलेलं सामान, नट, रबर, तेलाचे डबे, हेही त्याचंच. त्याने काकांचा कोट मागितला होता. तो देऊ नकोस, तो मला हवा आहे.

काकांचे पाने भिंगरीला. ते हातांना काळं लावतात. ताई, लिंबाच्या सालीने निघतं.

गॅरेजची किल्ली शेजारच्यांकडे, हिरव्या फाटकात.

वाचायचं भिंग माझ्याकडेच राहील. पत्रं येणार आहेत ना.

आणखी एक वस्तू आहे. खोके आवरताना हाताला लागली, डोळ्यांना नाही लागली. एक पेडल आहे. जुन्या गाडीचं, घासूनपुसून साफ केलेलं, मागे पट्टी जोडलेली, पट्टीला दोन भोकं, आणि खाली स्प्रिंग. कुठल्याच गाडीचा भाग नाही हा. मी बराच वेळ हातात घेऊन बसले, मग कळलं. काका बोलले ते त्यांनी करून ठेवलं होतं. फक्त पुढच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा ते नव्हते.

भिंगरी, हे छोट्या गाडीत डाव्या सीटच्या पुढे, पत्र्याला दोन स्क्रूंनी बसव. हे ताईचं. ताई, वळण आलं की खुशाल दाब. घोटा दुखणार नाही, स्प्रिंग चांगली आहे.

ते कशालाही जोडलेलं नाही. तेव्हा भिंगरी, ताईचा पाय खाली गेला की तूही दाब.

मावशी